अमेरिकेत टीप कुणाला, किती आणि कशी द्यायची: नव्याने आलेल्यांसाठी

टेबलावर बसलात, वेटरने ऑर्डर घेतली, जेवण आणून दिलं, तर कर लागण्याआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के टीप द्यायची. अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाने एवढं एक वाक्य पाठ केलं तरी निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे टीप कुठे द्यायची नाही, पावतीवर ती कशी लिहायची, एकाच बिलावर दोनदा जाऊ नये म्हणून काय बघायचं, आणि आई-बाबा इकडे यायला निघाले की त्यांच्या हातात काय ठेवायचं. शिकायला आलेले, नोकरीवर आलेले आणि मुलांकडे सहा महिने राहायला येणारे, या तिघांनाही उपयोगी पडेल असं इथे दिलं आहे.

आकड्यांच्या आधी मनातला हिशेब बदलावा लागतो. आपल्याकडे टीप म्हणजे खुशी. बडीशेपेच्या बशीत उरलेले सुट्टे किंवा वीस-पन्नासची नोट ठेवली की झालं. नाही ठेवली तरी वेटरचा पगार बुडत नाही, तो मालक देतो. याच हिशेबाने अमेरिकेत ६० डॉलरच्या बिलावर २ डॉलर ठेवून आपण समाधानाने उठतो, आणि वेटरला वाटतं की आपलं काहीतरी चुकलं किंवा यांनी आपला अपमान केला. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. फक्त टीप या एका शब्दाचा अर्थ दोन देशांत वेगळा आहे: तिकडे ती बक्षिसी आहे, इकडे ती बऱ्याच जणांच्या मजुरीचाच भाग आहे.

मजुरीचा भाग म्हणजे नक्की कसा

अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण ज्या कामगाराला नेहमीच महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टीप मिळते, त्याला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. मधले ५.१२ डॉलर टीपमधून यावेत अशी अपेक्षा असते. नाही आले तर मालकाने भर घालायची असं कायदा सांगतो, पण तो हिशेब एकेका दिवसाचा नसून पूर्ण आठवड्याचा असतो. म्हणजे मंगळवारची रिकामी पाळी शनिवारच्या टीपमध्ये बुडून जाते.

टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत हाच २.१३ चा दर चालतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत मालकाला ही सवलत नाही, तिथे वेटरलाही राज्याचं पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. मग कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत टीप कमी द्यावी का? नाही. तिथली प्रथा तेवढीच आहे, आणि तिथलं घरभाडं बघितलं की किमान वेतनात महिना निघत नाही हे कुणालाही कळेल.

अजून एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. बऱ्याच रेस्टॉरंटांत वेटरला स्वतःच्या टेबलांच्या विक्रीवर ठरलेले काही टक्के टेबल पुसणाऱ्याला, बारवाल्याला, दारात उभं राहून जागा देणाऱ्याला वाटावे लागतात. ही वाटणी विक्रीवर मोजली जात असेल, तर तुम्ही काहीच ठेवलं नाही तरी तुमच्या टेबलाचा हिस्सा त्याच्या इतर टेबलांच्या टीपमधून जातो. मालकाला किंवा मॅनेजरला मात्र कामगारांच्या टीपमधला वाटा घ्यायला २०१८ पासून केंद्रीय कायद्याने मनाई आहे.

ही पद्धत इथे रुजली त्याला जुनं आणि कडू कारण आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांवर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांना पोर्टर म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा, पोट प्रवाशांच्या टीपवर. त्यांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये संघटना उभी केली, आणि कंपनीने करारावर सही करायला १९३७ उजाडलं. टीप लोकशाहीला शोभत नाही असं मानणारे अमेरिकन तेव्हाही होते. वॉशिंग्टन राज्याने तर १९०९ मध्ये टीपवर बंदीच घातली. चार वर्षांत ती उठली. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातून हॉटेल-रेस्टॉरंटचे कामगार वगळले होते. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं, ते टीप पगारात धरायची मुभा मालकांना देऊनच.

आजही अमेरिकनांचं यावर एकमत नाही, हे लक्षात असू द्या. प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ७२ टक्के लोक म्हणाले की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टीप मागतात. टीप ऐच्छिक म्हणणारे २१ टक्के, कर्तव्य म्हणणारे २९ टक्के आणि प्रसंगावर अवलंबून म्हणणारे ४९ टक्के निघाले. साधारण सेवा मिळाली तर बसून जेवल्यावर १५ टक्के किंवा त्याहून कमी देऊ, असं ५७ टक्क्यांनी सांगितलं. तेव्हा ऑफिसातला सहकारी २५ टक्के ठेवतो म्हणून तुम्हीही ठेवायलाच हवेत असं नाही. १५ ही खालची मर्यादा, १८ ते २० हा रिवाज, त्यापुढे तुमची मर्जी.

पायरी १: खिशात काय हवं

एक आणि पाच डॉलरच्या नोटा. एटीएममधून बहुतेक वेळा विसाच्याच नोटा येतात, आणि गाडी आणून देणाऱ्या माणसाकडे विसाची मोड मागणं दोघांनाही अवघड जातं. बँकेच्या काउंटरवर जाऊन एकाच्या वीस आणि पाचाच्या सहा नोटा मागून घ्या. एवढ्यात महिना निघतो.

इथे एक चूक हमखास होते. आपल्या नोटा रंगाने आणि आकाराने वेगळ्या ओळखू येतात. डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या आणि बहुतेक हिरवट असतात. घाईत एकाच्या जागी वीस दिले जातात. चेहरे पाठ करा: १ वर वॉशिंग्टन, ५ वर लिंकन, १० वर हॅमिल्टन, २० वर जॅक्सन, ५० वर ग्रँट, १०० वर फ्रँकलिन. आणि पाकिटात लहान नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. नाण्यांचा ढीग टेबलावर ठेवू नका. आपल्याला ते सुट्टे वाटतात, इथे तो राग समजतात.

पायरी २: टेबल की काउंटर

टीप द्यायची की नाही हे ठरवायची खूण सोपी आहे: तुम्ही बसलेले असताना कुणी तुमच्याकडे येऊन काम केलं का? वेटर ऑर्डर घेऊन गेला, पाणी भरत राहिला, तर १८ ते २० टक्के. बुफे असेल, ताट तुम्ही वाढून घेतलंत आणि कुणी फक्त पाणी, नान आणून दिले व ताटं उचलली, तर १० टक्के. आपल्या भारतीय रेस्टॉरंटांतल्या दुपारच्या बुफेलाही हाच नियम. बारमध्ये साध्या पेयाला एक डॉलर, खपून बनवलेल्या कॉकटेलला दोन.

काउंटरवर उभं राहून वडापाव, बर्गर, कॉफी घेतली तर टीपची सक्ती नाही. पण इथेच नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण काउंटरवरचा माणूस टॅबलेट फिरवून तुमच्यासमोर धरतो. त्यावर १८, २०, २५ अशी मोठी चौकोनी बटणं, खाली बारीक अक्षरांत 'कस्टम' (म्हणजे आपल्या मनाचा आकडा) आणि 'नो टिप'. मागे रांग, समोर तो माणूस बघतोय. 'नो टिप' दाबा, काही अपराध नाही. काउंटरवरच्या कामगारांना बहुतेक ठिकाणी २.१३ चा नव्हे, पूर्ण तासाचा पगार असतो, आणि ती बटणं पैसे घेणाऱ्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येच असतात. रोजच्या कॉफीवाल्याने तुमच्यासाठी काही खास करून दिलं तर 'कस्टम'मध्ये एक डॉलर घाला. किराणा दुकान, मिठाईचं दुकान, पेट्रोल पंप, स्वतः जाऊन आणलेलं पार्सल: काही नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. काउंटरवर लाजेखातर २० टक्के देणारा आणि टेबलावर रुपयांत हिशेब करून ५ टक्के ठेवणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो. त्याने पैसे दोन्हीकडे चुकीचे वापरले. काउंटरवरचे वाचवा, टेबलावर पूर्ण द्या.

पायरी ३: टीप लिहिण्याआधी बिल पूर्ण वाचा

बिलाला इथे 'चेक' म्हणतात. 'चेक, प्लीज' म्हटलं की ते येतं. वेटरला बोलवायला शुक्-शुक् किंवा चुटकी नको. नजर मिळाली की हात थोडा वर करा.

बिलावर 'ग्रॅच्युइटी' हा शब्द शोधा. आपल्याला ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम एवढंच माहीत असतं. इथल्या बिलावर ग्रॅच्युइटी म्हणजे टीपच. सहा किंवा जास्त माणसं असली की पुष्कळ ठिकाणी १८ ते २० टक्के ग्रॅच्युइटी आधीच जोडलेली असते, आणि मेन्यूच्या तळाशी तसं छापलेलं असतं. तरीही पावतीवर टीपची मोकळी ओळ येतेच, कधी 'ॲडिशनल टिप' या नावाने. न वाचता तिथे पुन्हा २० टक्के लिहिले जातात. ग्रॅच्युइटी लागलेली असेल तर त्या ओळीवर आडवी रेघ मारा.

'सर्व्हिस चार्ज' हा वेगळा प्रकार आहे. केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने सक्तीने लावलेला सर्व्हिस चार्ज म्हणजे टीप नव्हे, ते रेस्टॉरंटचं उत्पन्न. मालक तो वाटेल किंवा ठेवून घेईल. काही राज्यांत याबद्दल जास्त कडक नियम आहेत. सरळ विचारा: 'डझ धिस गो टू द सर्व्हर?', म्हणजे हे वेटरला मिळतात का? हो म्हणाले तर वेगळी टीप नको. नाही म्हणाले तर टीप द्यावी लागते. भारतात सर्व्हिस चार्ज देणं ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. तो काढून टाका म्हणायचा हक्क तुम्हाला पुण्यात आहे. अमेरिकेत मेन्यूवर आधी छापून लावलेला चार्ज बहुतेक ठिकाणी भरावाच लागतो, म्हणून इथे वाद घालून उपयोग नाही. बसण्याआधी मेन्यूचा तळ वाचणं हाच उपाय.

तिसरी गोष्ट म्हणजे बिलाखाली छापलेले '१८%, २०%, २२%' असे तयार आकडे. ते बऱ्याचदा करासकट रकमेवर काढलेले असतात. बिल दोघांत वाटून दोन पावत्या केल्या तर कधीकधी हे आकडे पूर्ण बिलावरचेच राहून जातात, आणि दोघांनीही ते भरले की टीप दुप्पट होते. स्वतः गणित करा, अवघड नाही.

पायरी ४: गणित आणि पावती

समजा न्यूयॉर्क शहरात ४६ डॉलरचं जेवण झालं. कर ८.८७५ टक्के, म्हणजे ४.०८. एकूण ५०.०८. टीप ४६ वर काढायची: दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवा, ४.६० आले, हे १० टक्के. दुप्पट करा, ९.२० आले, हे २० टक्के. १५ टक्के हवे असतील तर ४.६० मध्ये त्याचे निम्मे २.३० मिळवा: ६.९०.

जुने लोक 'कर दुप्पट करा, झाली टीप' असं सांगतात. हे न्यूयॉर्क शहरात चालतं, पावणेअठरा टक्के होतात. न्यू जर्सीत कर ६.६२५ टक्के आहे, तिथे दुप्पट केलं तर सव्वातेरा होतील, तिप्पट केलं तर बरोबर वीसच्या जवळ येतं. एडिसनमध्ये राहणाऱ्यांनी तिप्पट लक्षात ठेवावं. ऑरेगनमध्ये विक्रीकरच नाही, तिथे ही युक्ती निरुपयोगी.

आता पावती. वेटर बिल बहुधा काळ्या पाकिटात आणतो. कार्डाचा काठ बाहेर दिसेल असं ते पाकिटात ठेवा. तो कार्ड घेऊन आत जातो. कार्ड नजरेआड जाणं इथे रोजचं आहे. येताना दोन पावत्या आणतो.

१. एकीवर 'मर्चंट कॉपी' लिहिलेलं असतं, दुसरीवर 'कस्टमर कॉपी'. टीप लिहून सही करायची ती मर्चंट कॉपीवर. नवखा माणूस कस्टमर कॉपीवर नीट लिहितो, तीच ठेवतो की खिशात घालतो हे विसरतो, आणि मर्चंट कॉपी कोरी राहते. कोरी राहिली की वेटरच्या हिशेबात तुमची टीप शून्य.

२. 'टिप' या ओळीवर ९.२०, त्याखाली 'टोटल'वर ५९.२८. दोन्ही ओळी भरा. बेरीज चुकली तर रेस्टॉरंट कुठला आकडा धरेल याचा भरवसा नाही. इंग्रजी १ आणि ७ स्पष्ट काढा.

३. टीप रोख द्यायची असेल तर 'टिप'च्या ओळीवर इंग्रजीत 'कॅश' लिहा, टोटलमध्ये ५०.०८ लिहा आणि नोटा पाकिटात ठेवा. ओळ रिकामी सोडू नका.

४. सही करून मर्चंट कॉपी ठेवा, कस्टमर कॉपी घ्या किंवा तिचा फोटो काढा. बँकेच्या ॲपमध्ये आधी ५०.०८ दिसतील आणि दोन-तीन दिवसांनी ५९.२८ होतील. ही फसवणूक नाही. कार्ड फिरवलं तेव्हा टीप लिहिलेलीच नव्हती, ती दिवसाअखेर चढवली गेली. खात्यात मोजकेच पैसे असलेल्या विद्यार्थ्याने डेबिट कार्ड वापरताना हा फरक मनात धरावा, नाहीतर दोन दिवसांनी खातं उणे होतं. ५९.२८ च्या जागी ६९.२८ दिसले तर मात्र फोटो दाखवून आधी रेस्टॉरंटला फोन करा, मग बँकेला.

कूपन किंवा सवलत मिळाली असेल तर टीप मूळ किमतीवर द्या. जेवण अर्ध्या किमतीत मिळालं, वेटरचं काम अर्धं झालं नाही.

आठ जणांचं टेबल

मराठी मुलामुलींचा घोळका जेवायला गेला की बहुतेक वेळा असं होतं: जो तो मेन्यूतली आपल्या पदार्थाची किंमत तेवढी बघून पैसे पाठवतो. कुणी कर धरत नाही. शेवटी कार्ड देणाऱ्याकडे तीस डॉलर कमी पडतात, आणि तो कमी पडलेला आकडा नेमका टीपमधून कापला जातो. पंचवीस-तीस खेपा मारलेल्या वेटरच्या हातात आठ माणसांमागे दहा डॉलर येतात.

उपाय एकच आहे. मेन्यूतली किंमत १.३ ने गुणायची आणि तेवढे पाठवायचे. १६ डॉलरची बिर्याणी म्हणजे २०.८०. यात कर आणि टीप दोन्ही येतात, एखाद-दुसरा डॉलर उरतो. हा नियम टेबलावर बसण्याआधी ग्रुपवर टाका. नव्या विद्यार्थ्याला बाहेर जेवण परवडतं का हेही याच १.३ ने ठरवा. २० टक्के परवडत नसतील तर त्या दिवशी काउंटरवरून घेऊन खा, त्यात काहीच कमीपणा नाही.

रेस्टॉरंटच्या बाहेर

घरपोच जेवण: १५ ते २० टक्के, पण बिल लहान असलं तरी ३ ते ५ डॉलरच्या खाली नको. 'डिलिव्हरी फी' कंपनीला जाते, ती टीप नव्हे. ॲपवर टीप शून्य ठेवली तर काही वेळा ऑर्डर कुणी उचलतच नाही, कारण ड्रायव्हरला मिळकतीचा अंदाज आधी दिसतो. बर्फात किंवा लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर मागवलंत तर वाढवून द्या.

टॅक्सीला १५ ते २० टक्के. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीतल्या पडद्यावर २०, २५, ३० अशीच बटणं येतात. कमी द्यायची असेल तर वेगळा आकडा घालता येतो. ॲपच्या गाडीला २ ते ५ डॉलर, जड बॅगा उचलल्या तर बॅगेमागे एक-दोन अधिक.

हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रात्रीमागे २ ते ५ डॉलर. बहुतेक लोक शेवटच्या दिवशी एकदम ठेवतात. ते चुकतं, कारण रोज वेगळी बाई येऊ शकते. रोज सकाळी ठेवा, उशीवर किंवा टेबलावर, आणि कागदावर 'थँक यू, हाउसकीपिंग' असं लिहून. चिठ्ठी नसेल तर पाहुण्याचे विसरलेले पैसे समजून ती हात लावत नाही. गाडी लावून देणाऱ्याला गाडी परत आणल्यावर ३ ते ५. बॅगा खोलीत पोचवणाऱ्याला बॅगेमागे २.

केस कापायला १५ ते २० टक्के. भुवया करून घेताना २-३ डॉलर रोख बरोबर ठेवा, कारण लहान पार्लरमध्ये कार्डावर टीप घ्यायची सोयच नसते. घर हलवणाऱ्यांना अर्ध्या दिवसाच्या कामाला प्रत्येकी २० डॉलर, पूर्ण दिवसाला ४०. मुकादमाच्या हातात एकत्र न देता ज्याच्या त्याच्या हातात द्या, आणि पाण्याच्या बाटल्या आधीच बाहेर काढून ठेवा. सत्यनारायणाला बोलावलेल्या गुरुजींची दक्षिणा ही टीप नव्हे, ती वेगळी विचारून ठरवायची.

आई-बाबांची व्हीलचेअर

लांबचा प्रवास, इंग्रजीची भीती आणि लांबलचक विमानतळ, म्हणून पुष्कळ आई-बाबा तिकिटासोबत व्हीलचेअर मागतात. ही सेवा कायद्याने मोफत आहे. ती ढकलणारे लोक बहुतेक ठेकेदार कंपन्यांचे, कमी पगारावर काम करणारे. ते तुमच्या आईला विमानाच्या दारापासून इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, कस्टम्स करत बाहेर तुमच्यापर्यंत आणतात, कधी तास-दीड तास. सक्ती अजिबात नाही, पण माणशी ५ डॉलर, बॅगाही उचलल्या तर १० द्यायचा रिवाज आहे आणि तो योग्य आहे.

अडचण इथे येते: बाबांच्या पाकिटात शंभराच्याच नोटा असतात, कारण मुंबईत डॉलर घेताना तेच हातात पडले. म्हणून पैसे बदलताना पाचाच्या नोटा आवर्जून मागा, किंवा मागच्या खेपेला आलेल्या कुणाबरोबर दहा नोटा पाठवून ठेवा. त्या एका लिफाफ्यात घाला, वर मराठीत लिहा: 'व्हीलचेअर. बाहेर आल्यावर प्रत्येकाला एक किंवा दोन नोटा.' लिफाफा पासपोर्टच्या पिशवीत नको, वेगळ्या खिशात हवा. पासपोर्ट काढताना नोटा खाली पडतात.

दोन गोष्टी आईला फोनवर आधी सांगा. एक, वाटेत माणूस बदलू शकतो. एक जण विमानाच्या दारातून थोडं पुढे आणून थांबवतो, दुसरा येऊन पुढे नेतो. पहिल्यालाच सगळं देऊन टाकू नये. दोन, कुणी तोंडाने मागितले तर घाबरायचं कारण नाही. मागायची त्यांना बहुधा परवानगीच नसते. पैसे दिले नाहीत म्हणून इमिग्रेशनला काही होत नाही. देताना 'धिस इज फॉर यू, थँक यू' एवढं पुरे.

आणि पहिल्यांदा बाहेर जेवायला नेताना टीपचं गणित घरीच सांगून ठेवा. बाबा मनातल्या मनात रुपये करतात, नऊ डॉलरचे सात-आठशे होतात, आणि टेबलावर वाद सुरू होतो. 'इथे वेटरचा पगार बिलात नाही, तो आपण वेगळा देतो' हे वाक्य त्यांना पटतं. 'इथे अशीच पद्धत आहे' हे पटत नाही.

डिसेंबरचं पोस्त

दिवाळीला पोस्त द्यायची आपली जुनी रीत आहे: पोस्टमन, वॉचमन, पेपरवाला, कचरा नेणारा. अमेरिकेत हेच डिसेंबरमध्ये होतं. घर साफ करायला येणाऱ्या बाईंना एका खेपेचे पैसे जास्त द्यावेत. इमारतीतल्या दरवानाला आणि दुरुस्ती बघणाऱ्याला कार्डात घालून २५ डॉलरपासून पुढे. पाळणाघरातल्या बाईंना गिफ्ट कार्ड.

पोस्टमनला मात्र रोख देऊ नका, ती त्याला घेताच येत नाही. तो सरकारी नोकर आहे. एका प्रसंगी २० डॉलरपर्यंतची वस्तू, आणि वर्षात एकाकडून ५० डॉलरपर्यंत, एवढीच त्याला परवानगी. चकल्यांचा डबा चालतो.

याच कारणाने ज्यांना कधीच काही द्यायचं नाही ते असे: पोलीस, इमिग्रेशन आणि कस्टम्सचे अधिकारी, गाडीचा परवाना देणाऱ्या कार्यालयातले कारकून. गाडी अडवल्यावर पोलिसापुढे नोट धरणं हा गंभीर गुन्हा होतो. डॉक्टर, नर्स, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांनाही टीपची अपेक्षा नसते.

सेवा वाईट मिळाली तर

आधी चूक कुणाची ते बघा. डाळ खारट झाली तर ती स्वयंपाकघराची. पदार्थ परत पाठवा, बहुतेक ठिकाणी कुरकूर न करता बदलून देतात किंवा बिलातून काढतात. उशीर झाला पण वेटर येऊन सांगत होता, तर टीप कापू नका. वेटरनेच दुर्लक्ष केलं, उद्धटपणा केला, तर १० टक्क्यांवर या आणि जाताना मॅनेजरला शांतपणे सांगा. शून्य ठेवून मुकाट्याने निघून गेलात तर त्याला चूक कळत नाही, हे लोक विसरले किंवा यांना पद्धत माहीत नाही एवढंच वाटतं. आणि त्याचा परिणाम पुढच्या टेबलावर बसणाऱ्या आपल्यासारख्याच चेहऱ्याच्या कुटुंबाला भोगावा लागतो.

शेवटी टीप घेणाऱ्या बाजूला असलेल्यांसाठी. कॅम्पसवरच्या कॅफेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला काउंटरवरच्या टीपच्या बरणीतला वाटा मिळतो, तेही उत्पन्नच आहे. एका नोकरीत महिन्याला २० डॉलर किंवा जास्त टीप मिळाली तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला कळवायची. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टीपच्या २५,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर केंद्रीय प्राप्तिकरात वजावट मिळू शकते, पण तिला अटी आहेत आणि व्हिसावर असलेल्याने ती आपल्याला लागू होते का हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारूनच मागावी. त्यासाठी रोज मिळालेली टीप तारखेसकट वहीत लिहून ठेवा. वर्षाअखेर आठवून लिहिलेला आकडा कधीच जुळत नाही.